कॅमेरा हाती येण्याआधीची दोन वर्षे

दिग्दर्शक, छायालेखक किंवा माहितीपटकार होण्याचे रूढ रस्ते दोन: चित्रपट-शिक्षणाची संस्था, नाहीतर एखाद्या जाणत्याच्या हाताखालची उमेदवारी. तिसरा एक रस्ता आहे, पण त्याची फारशी दखल घेतली जात नाही. परक्या देशात जाऊन वर्ष-दोन वर्षे, बिनपगारी किंवा जेमतेम पोटापुरत्या भत्त्यावर, स्वयंसेवक म्हणून काम करायचे. हे काम बहुधा सिनेमाचे नसतेच. कुणी शाळेत शिकवतो, कुणी विहीर खोदायला मदत करतो, कुणी माता-बालकांच्या दवाखान्यात राबते, कुणी शेतमजुरांच्या संघटनेची पत्रके वाटते. सोबत कॅमेरा असलाच तर तो बराच काळ पेटीत पडून असतो. तरीही त्या काळाची छाप पुढच्या चित्रपटांवर पडते, आणि ती बहुतेक वेळा त्या देशाविषयीच्या चित्रपटात दिसत नाही. ती दिसते दुसऱ्याच विषयावरच्या, दुसऱ्याच भूमीवरच्या कामात, कधी दहा तर कधी तीस वर्षांनी.

या रस्त्याची सगळ्यात मोठी वहिवाट अमेरिकेत पडली. १ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आदेशाने पीस कोअर ही संस्था सुरू झाली. आजवर सुमारे २ लाख ४० हजार अमेरिकी नागरिक तिच्यातर्फे १४० हून अधिक देशांत जाऊन आले आहेत. मुदत साधारण २७ महिन्यांची: सुरुवातीचे तीन महिने प्रशिक्षण आणि पुढची दोन वर्षे प्रत्यक्ष काम. भत्ता एवढाच, की ज्या गावात राहायचे तिथल्या माणसांसारखे राहता यावे. बदली, बढती, कारकीर्द असे काही त्यात नाही. भारतात पीस कोअरची पहिली तुकडी १९६१ च्या डिसेंबरात पंजाबात आली आणि १९७६ पर्यंत संस्थेचे काम इथे चालले.

सिनेमाच्या दृष्टीने या व्यवस्थेत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे भाषा. प्रशिक्षणाचा मोठा भाग स्थानिक बोली शिकण्यात जातो, कारण तिच्याशिवाय काम होत नाही. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून मुंबईत आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिका म्हणून राबल्या. त्यासाठी त्यांना मराठी शिकावी लागली होती. त्यांचा सिनेमाशी संबंध नव्हता, पण या योजनेत माणसाकडून काय अपेक्षा असते ते त्यांच्या उदाहरणावरून कळते. मोडक्या परभाषेत बोलणारा माणूस आपोआप ऐकणारा होतो. तो चेहरे वाचतो, हातवारे पाहतो, समोरचा कुठे थांबला आणि का थांबला याकडे लक्ष देतो. माहितीपटकाराला नेमके हेच करायचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे दुय्यम असण्याची सवय. चित्रपटाचा संच परगावी उतरतो तेव्हा तो मालकाच्या थाटात उतरतो. त्याची गाडी असते, वेळापत्रक असते, हुकूम असतात. स्वयंसेवक मात्र गावकऱ्यांवर अवलंबून असतो. पाणी कुठून आणायचे, कुणाच्या घरी कधी जायचे नाही, बाजाराचा दिवस कोणता, हे त्याला मुलांकडून आणि म्हाताऱ्यांकडून शिकावे लागते. असा अवलंबून राहिलेला माणूस पुढे कॅमेरा घेऊन कुणाच्या दारात उभा राहिला, तर कॅमेरा नेमका कुणाच्या मेहेरबानीने चालू आहे याचे भान त्याला असते.

टेलर हॅकफर्ड हे या वाटेवरून आलेले सर्वांत प्रसिद्ध नाव. १९६८-६९ मध्ये ते बोलिव्हियात पीस कोअरचे स्वयंसेवक होते. फावल्या वेळात त्यांनी तिथे सुपर-८ कॅमेऱ्याने चित्रण करायला सुरुवात केली. परतल्यावर वकिलीचे शिक्षण सोडून ते लॉस एंजेलिसच्या केसीईटी या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रात टपाल वाटण्याच्या कामावर रुजू झाले. तिथून वार्ताहर, मग माहितीपट, मग ‘टीनएज फादर’ (१९७८) या लघुपटासाठी ऑस्कर, आणि पुढे ‘अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन’ (१९८२) व ‘रे’ (२००४) यांसारखे मोठ्या पडद्यावरचे चित्रपट. २००९ ते २०१३ या काळात ते अमेरिकेच्या दिग्दर्शक संघटनेचे अध्यक्षही होते. मात्र त्यांच्या गाजलेल्या चित्रपटांत बोलिव्हिया शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. त्या देशाने त्यांना विषय दिला नाही. कॅमेरा हातात धरून पाहण्याची मोकळीक आणि दिशा बदलण्याचे धैर्य मात्र तिथेच मिळाले.

याहून बोलके उदाहरण एका कमी माहीत असलेल्या चित्रपटाचे आहे. १९७८ चा ‘नॉर्दर्न लाइट्स’ जॉन हॅन्सन आणि रॉब निल्सन यांनी दिग्दर्शित केला आणि जुडी इरोला यांनी चित्रित केला. या तिघांपैकी दोघे पश्चिम आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून राहून आलेले होते. हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर निल्सन यांनी नायजेरियात पीस कोअरचे शिक्षक म्हणून काम केले आणि आपला पहिला छोटा चित्रपटही तिथेच बनवला. इरोला १९६६ ते १९६८ या काळात शेजारच्या नायजर देशात होत्या. त्यांच्या तुकडीतली मुले-मुली शेतीचे काम करत, विहिरी खणत आणि बायका व तान्ह्या मुलांसाठी आरोग्य-केंद्रे चालवत. तिथून परतल्यावर इरोला सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राच्या चित्रपट-विभागात शिरल्या आणि कॅमेरा शिकल्या. अमेरिकेत तेव्हा स्त्री छायालेखक अगदी विरळ होत्या. पुढे हे सगळे जण ‘सिने मॅनिफेस्ट’ या चित्रपट-मंडळात एकत्र आले.

‘नॉर्दर्न लाइट्स’चा आफ्रिकेशी काही संबंध नाही. तो अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात, १९१५ च्या सुमारास घडतो. नॉर्वेहून आलेल्या गव्हाच्या शेतकऱ्यांना धान्याचे व्यापारी आणि बँका नागवत होत्या. त्यांच्याविरुद्ध ‘नॉनपार्टिझन लीग’ ही शेतकऱ्यांची राजकीय संघटना कशी उभी राहिली याची ही गोष्ट आहे. कृष्णधवल चित्रण, तुटपुंजा पैसा, थोडे व्यावसायिक नट आणि बाकी तिथलीच माणसे. त्या चळवळीत प्रत्यक्ष वावरलेला एक वयोवृद्ध कार्यकर्ताही त्यात दिसतो. बर्फ पडत असताना चाललेली मळणी हे या चित्रपटातले अविस्मरणीय दृश्य. कामकऱ्यांचे शरीर, यंत्राची लय आणि गोठवणारी हवा त्यात अशी पकडली आहे, की पाहणाऱ्याला बाहेरून बघत असल्यासारखे वाटत नाही. १९७९ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला पदार्पणासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ पुरस्कार मिळाला.

याचे सारे श्रेय नायजर-नायजेरियाला देणे खोटे ठरेल. राजकीय जाण, मंडळातली एकजूट, हॅन्सन यांचे नॉर्थ डकोटाशी असलेले नाते, हे सगळे त्यात आहे. पण बिगर-व्यावसायिक माणसांकडून त्यांच्याच गतीने काम करून घेणे, शेतीच्या श्रमाला कथेइतकीच जागा देणे आणि अडचणीतल्या समाजाकडे कीव न करता पाहणे, या तीन गोष्टी चित्रपट-शाळेत सहजी शिकता येत नाहीत. निल्सन यांची पुढची वाट पाहिली की त्या दिवसांच्या प्रभावाविषयीची शंका आणखी कमी होते. ‘हीट अँड सनलाइट’ या त्यांच्या चित्रपटाला १९८८ मध्ये सनडान्स महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याचा नायक नायजेरियातल्या बिआफ्राच्या युद्धाची छायाचित्रे काढून आलेला वृत्त-छायाचित्रकार आहे, म्हणजे नायजेरिया तिथे वीस वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो. त्यानंतर निल्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन या गरीब वस्तीत बेघर आणि उपेक्षित माणसांसाठी अभिनयाची कार्यशाळा चालवली आणि तिच्यातूनच ‘चॉक’ (१९९६) सारखे चित्रपट उभे केले. वर्ग चालवणारा शिक्षक तसाच राहिला, फक्त गाव बदलले.

इरोला यांनी पुढे लिझी बोर्डन यांचा ‘वर्किंग गर्ल्स’ (१९८६) चित्रित केला. ‘अ‍ॅन अँबुश ऑफ घोस्ट्स’साठी १९९३ मध्ये त्यांना सनडान्स महोत्सवात छायालेखनाचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या छायालेखक संघटनेत सदस्यत्व मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री, आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे छायालेखन शिकवले.

हा प्रवास उलट दिशेनेही झालेला आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे. आनंद पटवर्धन १९७० मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनाचे ते दिवस होते आणि पटवर्धन त्यात होते. त्याच काळात त्यांनी सीझर चावेझ यांच्या ‘युनायटेड फार्म वर्कर्स’ या शेतमजूर-संघटनेत स्वयंसेवक म्हणून काम केले. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी १९६५ मध्ये संप पुकारला होता. मळेवाले नमेनात, तेव्हा संघटनेने देशभरातल्या ग्राहकांना द्राक्षांवर बहिष्कार घालायला सांगितले. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, करार झाले. या लढ्याचा कणा स्वयंसेवकच होते. त्यांना राहायला जागा, जेवण आणि आठवड्याला पाच डॉलर मिळत. दुकानांपुढे उभे राहणे, पत्रके वाटणे, अनोळखी माणसाला दोन मिनिटांत आपले म्हणणे पटवणे, अशी ही कामे होती.

पटवर्धन भारतात परतले ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षण-प्रकल्पात. तिथून ते बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात गेले. ‘क्रांती की तरंगें’ हा त्यांचा माहितीपट तिथे जन्मला. साधने नसल्यामुळे बरेचसे चित्रण सुपर-८ वर केले, ते पडद्यावर दाखवून पुन्हा १६ मिलिमीटरवर चित्रित केले. आणीबाणीत हा चित्रपट गुपचूप दाखवला गेला आणि त्याची एक प्रत तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर पोहोचली.

पुढे ते कॅनडात मॅकगिल विद्यापीठात शिकायला गेले, आणि इथे कॅलिफोर्नियातल्या त्या दिवसांचा धागा थेट पुढे येतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या फ्रेझर खोऱ्यात पंजाबातून आलेले शेकडो शेतमजूर, त्यांत कितीतरी वयस्क बायका, कंत्राटदारांच्या हाताखाली फळे तोडत होते. राहण्याची दैना, कीटकनाशकांचा मारा, बुडवलेली मजुरी, हे नित्याचे होते. १९८० मध्ये त्यांनी ‘कॅनेडियन फार्मवर्कर्स युनियन’ स्थापन केली. जिम मन्रो यांच्यासोबत पटवर्धन यांनी या उभारणीवर ‘अ टाइम टू राइज’ (१९८१) हा माहितीपट केला. शेतमजुरांची संघटना आतून कशी बांधली जाते, भीती कुठे असते आणि पहिला माणूस सही करायला पुढे कसा येतो, हे ज्याने एकदा स्वयंसेवक म्हणून पाहिले आहे त्याचाच हा चित्रपट आहे. निवेदक लांबून माहिती सांगत नाही. माणसे स्वतः बोलतात, भांडतात, हसतात.

पटवर्धन यांच्या पुढच्या सगळ्या कामात ही रीत टिकली. ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जातानाचे चित्रण आहे आणि शाहीर विलास घोगरे त्यात गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांनी तिथून सुरुवात करून तब्बल १४ वर्षे चित्रण केले आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. चौदा वर्षे एका समाजाच्या सोबत राहण्याची ही चिकाटी व्यावसायिक चित्रनिर्मितीच्या हिशेबात बसत नाही. ती चळवळीतल्या कार्यकर्त्याकडून, म्हणजेच स्वयंसेवकाकडून आलेली आहे.

परदेशी स्वयंसेवकाच्या कामाचे फलित नेहमी त्याच्या स्वतःच्या चित्रपटातच दिसते असे नाही. कधी तो दुसऱ्यांच्या हाती कॅमेरा देतो. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी सुमारे वीस बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. काही जणी रस्त्यावर भाजी विकत. त्यातून ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली आणि या बायका आपल्याच धंद्यातल्या अडचणींवरच्या फिती करून त्या अधिकाऱ्यांना दाखवू लागल्या. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी जेसिका मेबेरी ही अमेरिकी तरुणी दूरचित्रवाणीतली नोकरी सोडून ‘अमेरिकन इंडिया फाउंडेशन’च्या सेवा-शिष्यवृत्तीवर भारतात आली आणि ग्रामीण स्त्रियांना व्हिडिओ बनवायला शिकवू लागली. त्या अनुभवातून २००३ मध्ये ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ ही संस्था निघाली. तिचे ठाणे गोव्यात आहे, आणि माहितीपटकार स्टालिन के. हे मेबेरी यांच्यासोबत ती चालवतात. २०१० पासून तिच्या ‘इंडिया अनहर्ड’ उपक्रमात वेगवेगळ्या राज्यांतले दलित, आदिवासी आणि इतर उपेक्षित समाजांतले वार्ताहर आपापल्या गावातल्या प्रश्नांवर छोट्या चित्रफिती करतात. बंद पडलेले रेशन दुकान, न आलेली मजुरी, नसलेली नळजोडणी, असे त्यांचे विषय असतात. फीत झाली की ती गावाला आणि संबंधित अधिकाऱ्याला दाखवायची, पाठपुरावा करायचा, आणि प्रश्न सुटला तर त्याचीही फीत करायची. मेबेरी यांनी नावाजलेली दिग्दर्शिका होण्याचा मार्ग धरला असता तर एका माणसाच्या नावावर काही चित्रपट जमा झाले असते. त्यांनी धरलेल्या मार्गामुळे शेकडो जणांना स्वतःची गोष्ट स्वतः सांगता आली. हे चित्रपटातले करिअर नव्हे असे कुणी म्हणेल, पण चित्रपटाच्या व्याख्येत हे काम बसवायलाच हवे.

या रस्त्यावर खड्डेही आहेत, आणि ते खोल आहेत. परदेशातून आलेल्याच्या डोळ्यांना दारिद्र्य आधी दिसते, कारण ते त्याला नवे असते. तिथल्या माणसांची हुशारी, त्यांच्या संघटना, त्यांनी आधीच केलेली कामे उशिरा दिसतात, कधी दिसतच नाहीत. झाना ब्रिस्की यांनी कोलकात्याच्या सोनागाचीत वेश्यावस्तीतल्या मुलांना छायाचित्रण शिकवले आणि रॉस कॉफमन यांच्यासोबत ‘बॉर्न इन्टु ब्रॉथेल्स’ (२००४) केला. त्याला ऑस्कर मिळाले आणि मुलांच्या छायाचित्रांच्या विक्रीतून त्यांच्या शिक्षणासाठी पैसा उभा राहिला. ब्रिस्की यांची माया खरी होती यात शंका नाही. पण त्याच वस्तीत स्त्रियांची ‘दुर्बार’ ही स्वतःची संघटना वर्षानुवर्षे काम करत होती, आणि तिचे काम चित्रपटात दिसत नाही, असा आक्षेप कोलकात्यातून घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. चित्रपटातल्या आया केवळ अडथळा म्हणून उरतात, आणि मुलांना वाचवणारी व्यक्ती बाहेरून आलेली एकटीच ठरते.

नॉर्वेतल्या विद्यार्थी व प्राध्यापकांच्या ‘साइह’ या संस्थेने २०१२ मध्ये एक चित्रफीत काढली. तिच्यात आफ्रिकेतले तरुण थंडीने कुडकुडणाऱ्या नॉर्वेच्या लोकांसाठी खोली गरम करण्याची उपकरणे गोळा करतात. मदत मागणाऱ्या जाहिराती आफ्रिकेचे जसे चित्र रंगवतात, तसे चित्र नॉर्वेचे रंगवले तर कसे वाटेल, हा तिचा प्रश्न होता. २०१७ मध्ये याच संस्थेने परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी समाजमाध्यमांवर चित्रे टाकण्याविषयी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा साधा आहे: ज्याचे चित्र घेता त्याला ते कशासाठी घेता हे समजावून सांगा, त्याची संमती घ्या, त्याची प्रतिष्ठा राखा, आणि स्वतःला तारणहार म्हणून मध्यभागी उभे करू नका. स्वयंसेवकाबाबत संमतीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. गावातला माणूस ज्याच्याकडून औषध किंवा शिकवणी घेतो त्याला ‘चित्रण नको’ म्हणायला कचरतो. म्हणून जबाबदार संस्था स्वयंसेवकांच्या खासगी चित्रणावर, विशेषतः मुलांच्या, कडक बंधने घालतात.

भारतीय तरुणांना पीस कोअरचे दार बंद आहे, कारण तिथे अमेरिकी नागरिकत्व लागते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम मात्र खुला आहे. आमसभेने १९७० मध्ये तो स्थापला आणि त्याचे मुख्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. निवड झालेल्यांना दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. घरी बसून करण्याच्या ऑनलाइन स्वयंसेवेचीही त्यात सोय आहे, आणि तिथे व्हिडिओ संकलन, उपशीर्षके, भाषांतर अशी कामे निघतात. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही त्याहून जुनी चळवळ स्विस अभियंता पिएर सेरेझोल यांनी १९२० मध्ये सुरू केली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल स्वतः पुनर्बांधणीसाठी इथे आले होते. तिची अल्पकाळाची श्रमशिबिरे अनेक देशांत भरतात आणि तिची भारतीय शाखाही आहे. स्वयंसेवक पाठवण्यासाठी भरभक्कम शुल्क घेणाऱ्या खासगी कंपन्यांची गोष्ट निराळी आहे. पंधरा दिवस अनाथाश्रमात घालवून काढलेल्या फितीतून ना मुलांचे भले होते, ना चित्रपटकाराचे.

कागदपत्रे आधीच नीट लावलेली बरी. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा किंवा चित्रण करणे बहुतेक देशांत नियमबाह्य असते, आणि व्यावसायिक चित्रणाचा परवाना वेगळा काढावा लागतो. महाग सामग्री नेताना सीमाशुल्काची कटकट टाळण्यासाठी एटीए कार्ने ही आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची सोय आहे, आणि भारतात ती ‘फिक्की’ या उद्योग-महासंघामार्फत मिळते. स्वयंसेवेच्या काळात काढलेल्या चित्रणाची मालकी कुणाची, हे करारात लिहून घेतले नाही तर पुढे चित्रपट अडकतो.

ज्या देशात स्वयंसेवा केली त्याच देशावरचा चित्रपट झालाच, तर तो बहुधा फार उशिरा होतो. अलाना डिजोसेफ १९९२ ते १९९४ या काळात माली देशात पीस कोअरच्या स्वयंसेविका होत्या. पीस कोअरचा सगळा इतिहास सांगणारा त्यांचा ‘अ टावरिंग टास्क’ हा माहितीपट २०१९ मध्ये आला. इरोला यांच्या तुकडीतले पाच जण २००८ मध्ये पुन्हा नायजरला गेले. चाळीस वर्षांपूर्वी जिथे विहिरी खणल्या होत्या आणि मातांसाठी केंद्रे चालवली होती त्या मुलखात ते परतले, आणि इरोला यांनी या परतीच्या प्रवासाचे चित्रण केले. ‘नायजर ’६६: अ पीस कोअर डायरी’ या नावाने ते २०१० मध्ये चित्रपटरूपाने आले. २०२१ मध्ये इरोला यांचे निधन झाले.